उन्हात पाहायचा टीव्ही

पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण झालं, पाट्या बदलल्या, आणि सौसरची माणसं एकेका कागदासाठी पांढुर्ण्याला खेटे घालू लागली. पण पुंडलिकरावांच्या नातलगांपुरतं बोलायचं तर रविवारचं मुख्यालय नेमकं उलट दिशेनं हललं होतं. ते पांढुर्ण्याजवळच्या तिगावहून उठून सौसरला गेलं होतं, आणि त्याला कारण एक टीव्ही होता.

आधी असं नव्हतं. दिवाळीच्या सुमारास संत्र्याचा आंबिया बहार उतरू लागला की दर रविवारी सगळे पाहुणे तिगावला पुंडलिकरावांच्या बगीच्यातल्या घरी जमत. अंगणात गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे जाड रोडगे भाजले जात, चुलीवर वांग्याची भाजी रटरटे, आणि जेवणं झाली की पुंडलिकराव खाटेवर मांडी घालून संत्र्याच्या रंगावर बोलत. फळाचा रंग ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. कोणत्या व्यापाऱ्यानं कोणत्या साली कच्चा माल पिवळा म्हणून खपवायला पाहिला आणि आपण तो कसा पकडला, हे ते तपशीलवार सांगत. ऐकणाऱ्यांना ते पाठ होतं. पण तुपात बुडवलेले रोडगे खाल्ल्यावर माणसाला लवकर उठवत नाही, त्यामुळे श्रोते टिकून असत.

मग त्यांचे सौसरचे साडू उत्तमराव यांनी भिंतभर क्यूएलईडी टीव्ही आणला. पहिल्या रविवारी मॅच पाहायला पोरं गेली. दुसऱ्या रविवारी पोरांना आणायला आया गेल्या. तिसऱ्या रविवारी आयांना आणायला बाप गेले, आणि कोणीच कोणाला परत आणलं नाही. शेवटी एका रविवारी खुद्द पुंडलिकरावांच्या पत्नी कलाबाई डब्यात चिवडा भरून, धाकट्या बहिणीला, म्हणजे उत्तमरावांच्या प्रतिभाला, कितीक दिवसांत भेटले नाही असं सांगून मुलाच्या, वैभवच्या, गाडीत बसल्या. दोघी बहिणी आदल्याच बुधवारी बाजारात भेटल्या होत्या.

त्या दिवशी पुंडलिकरावांनी एकट्यानं पोहे खाल्ले. एकट्यासाठी आर पेटवत नाहीत. मागच्या बहारातल्या एका व्यापाऱ्याची गोष्ट त्यांना फार आठवत होती, पण सांगायला समोर कुत्रा होता, आणि तोही थोड्या वेळानं उठून गेला. तेव्हा त्यांनी ठरवलं की उत्तमरावांच्या टीव्हीपेक्षा वरचढ टीव्ही आणायचा आणि आपली माणसं आपल्या अंगणात परत आणायची.

सोमवारी वैभवला घेऊन ते पांढुर्ण्यात मंगेशच्या टीव्हीच्या दुकानात गेले. हातात पिशवी होती आणि पिशवीत झाडावरून निवडून तोडलेली संत्री. मंगेशनं तीन टीव्ही शेजारी शेजारी लावले होते. तिन्हींवर एकच चित्र चाललं होतं. फळं वरून पाण्यात पडत होती, थेंब उडत होते. मंगेशनं नेहमीप्रमाणे समजावलं. पहिला साधा एलईडी. यात मागून दिवा लावलेला असतो आणि पुढचा पडदा तो उजेड कमीजास्त सोडतो. दुसरा क्यूएलईडी, दिवा मागूनच, पण मध्ये एक खास थर, त्यामुळे उजेड जोरदार आणि रंग भडक. तिसरा ओएलईडी, याला मागे दिवाच नाही, चित्राचा एकेक टिपका स्वतः पेटतो, आणि काळा रंग दाखवायचा असला की तो टिपका विझून जातो. म्हणून याच्यासारखं काळं कोणाचंच नाही.

पुंडलिकरावांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे काळं दाखवाची वेळ आली की हा बंद पडते. अन् सगळ्यात महागबी हाच?"

मंगेशनं होकार दिला.

मग पुंडलिकराव पडद्याजवळ गेले. पाण्यात पडणारं फळ त्यांनी नीट निरखलं आणि हे संत्रं नसून किन्नू आहे, पंजाबकडचं, असं जाहीर केलं. दोन्हींच्या सालीतला फरक त्यांनी मिक्सरचं भांडं दुरुस्त करून घ्यायला आलेल्या एका बाईंनाही समजावला. त्या बाईंनी भांडं तिथंच ठेवलं आणि उद्या येते म्हणाल्या. वैभवनं मोबाईलवरून नागपुरी संत्र्याचा व्हिडिओ शोधून तिन्ही टीव्हींवर लावून दिला. तेव्हा पुंडलिकरावांनी पिशवीतून एक फळ काढलं, पडद्याशेजारी धरलं, वर दिव्याकडे पाहिलं आणि फळ परत पिशवीत टाकलं. इथं काही ठरणार नाही, हे टीव्ही बाहेर उन्हात काढा, म्हणाले.

यात त्यांच्या दृष्टीनं जगावेगळं काही नव्हतं. संत्र्याचा रंग सावलीत पाहत नाहीत, गोदामातल्या ट्यूबलाइटखाली तर मुळीच नाही. तिथं हिरवटसुद्धा पिवळं दिसतं. वडिलांनी शिकवलेला हा नियम त्यांनी जन्मभर पाळला होता आणि त्यामुळे कधी फसले नव्हते. मंगेशनं हात जोडून सांगितलं की टीव्ही ही घरात पाहायची वस्तू आहे, आणि ओएलईडी तर उन्हात काही दाखवणारच नाही.

"संत्रंबी घरातच खातेत," पुंडलिकराव म्हणाले. "पण पाहतेत उन्हात."

मंगेशनं मनाशी विचार केला. या माणसाचे नातलग मोहगावपासून बोरगावपर्यंत पसरलेले होते. यानं चांगला म्हटलेला टीव्ही घरोघर जाणार होता. रविवारी दुकानातला ओएलईडी तिगावला आणून दाखवतो, असं त्यानं कबूल केलं. पण येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, म्हणाला. मधल्या रविवारी मनाची तयारी करायची होती.

त्या मधल्या रविवारी पुंडलिकराव पिशवी घेऊन सौसरला गेले. शत्रूचा माल आधी पाहून घ्यावा, हा हेतू. उत्तमरावांची बैठक भरलेली होती. स्वतःची बायको, स्वतःचा मुलगा, स्वतःचे भाचे-पुतणे तिथं मांडीला मांडी लावून बसलेले पाहून त्यांना बरं वाटलं नाही. मॅचमध्ये चहाची वेळ झाली तसा त्यांनी वैभवला संत्र्याचा व्हिडिओ लावायला सांगितला. भिंतीवर हातभर संत्रं उमटलं. पुंडलिकरावांनी आपलं फळ त्याच्या शेजारी धरलं, मान तिरपी केली, आणि शांतपणे म्हणाले, "रंग मारला हाय."

बैठकीतल्या माना उत्तमरावांकडे वळल्या. संत्र्याच्या मुलखात माणसाला चोर म्हटलेलं चालून जाईल, पण त्याच्या मालाला रंग मारलेला म्हणू नये. उत्तमरावांचं खताचं दुकान होतं आणि त्यांचं नाव होतं. ते उठून उभे राहिले.

"दादा, तुमी मोठे हा," ते म्हणाले. "पण माह्या टीव्हीले असं कोणी बोललं नाई आजवर."

"मी सावलीत पाहून बोलून राहिलो, उत्तमराव. चूक असन बी. उन्हात आणा, मंग बोलतो."

"आणतो. कुठं आणू?"

"माह्या अंगणात. येत्या रविवारी."

प्रतिभानं मध्ये पडून, भाऊजी, टीव्ही कधी घराबाहेर काढतेत का, असं म्हणून पाहिलं. पण दोन्ही साडू आता टीव्हीच्या पलीकडे गेले होते.

रविवारी ऐन दुपारी उत्तमरावांचा पिकअप तिगावला पोचला. टीव्ही दोन रजयांत गुंडाळला होता आणि मागे प्रतिभा त्याला धरून नवरीजवळच्या करवलीसारखी बसली होती. टीव्हीमागोमाग गाड्या आल्या, मोटारसायकली आल्या. सौसरला जायला निघालेल्यांनाही कळलं की आज सौसरला भिंतच आहे, म्हणून तेही इकडे वळले. मंगेश आपला ओएलईडी घेऊन आधीच येऊन बसला होता, आणि कपाळाला हात लावून होता. अंगणात रिकामी बैलबंडी उभी केली. तिच्यावर दोन्ही टीव्ही शेजारी शेजारी ठेवून दोरीनं बांधले आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतून वायर ओढून जोडले. कलाबाईंनी एवढी माणसं पाहिली आणि न विचारता आर पेटवला.

ऊन चांगलं कडक होतं. क्यूएलईडीवर संत्रं दिसत होतं, पण पावसात भिजलेल्या पत्रिकेवरच्या गणपतीसारखं फिकट. ओएलईडीवर आत संत्रं होतं असं मंगेश शपथेवर सांगत होता. पाहणाऱ्यांना मात्र तिथं खाटा, आंब्याचं झाड आणि स्वतःचे चेहरे दिसत होते. एका वहिनींनी त्यात पाहून टिकली नीट केली. पाठीमागून वासरू गेलं, तर एका पुतण्यानं चित्र झकास आहे म्हटलं.

पुंडलिकराव पुढे झाले. त्यांनी पिशवीतलं सगळ्यात सरस फळ निवडलं. आधी उत्तमरावांच्या पडद्याशी धरलं, पाहिलं, बाजूला केलं. मग ओएलईडीशी धरलं. फळ थोडं फिरवलं. जवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले. चेहऱ्यावर समाधान पसरत गेलं.

"हा रंग," ते म्हणाले. "असा रंग पायजे. देठाजवळचा हिरवा डाग बी दाखवून राहिला, पाहा. हा टीव्ही खरा."

वैभव मोटारीच्या खोलीकडून आला. त्याला बोलावंसं वाटत नव्हतं, पण बोलावं लागलं. "बाबा, लाइन गेली हाय. कवाचीच."

मग सगळ्यांनी पाहिलं की दोन्ही टीव्ही बंद होते, आणि पुंडलिकरावांनी काचेत दिसलेलं स्वतःच्याच हातातलं संत्रं पास केलं होतं. पहिल्यांदा प्रतिभा हसली. मग कलाबाई हसल्या, हातातला रोडगा खाली ठेवून हसल्या. मंगेश बंडीच्या चाकाला धरून खाली बसला. म्हातारे खोकेपर्यंत हसले. ज्या नजरेवर पुंडलिकरावांचं आयुष्य उभं होतं, ती नजर तिगावच्या भर अंगणात चारीमुंड्या चीत झाली होती.

हसू ओसरल्यावर उत्तमराव जवळ आले. जिंकलेल्या माणसाला परवडतो तितका मऊ आवाज काढून म्हणाले, "दादा, आता कबूल करा ना. माहा टीव्ही चांगला. मिटवून टाकू. मी घरी लावतो, अन् पुढच्या रविवारपासून तुमीबी येत जा आमच्याकडं."

पुंडलिकरावांनी मान हलवायला सुरुवातही केली होती. मग त्यांची नजर अंगणावर गेली. एकही खाट रिकामी नव्हती. भाचे आराभोवती काड्यांनी रोडगे उलटत होते. लाइन नव्हती, टीव्ही काळे होते, आणि तरी कोणी उठायचं नाव काढत नव्हतं. त्यांच्या लक्षात आलं की निकाल लागला की हा टीव्ही पुन्हा सौसरच्या भिंतीवर चढेल आणि त्याच्यामागून ही सगळी माणसं जातील.

त्यांनी मान हलवायची थांबवली.

"लाइन गेल्यावरचा निकाल धरत नसतात, उत्तमराव," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी पुन्हा पाहू."

"म्हणजे पुन्हा आणू?"

"नसन आणाचा तं नका आणू. लोक काय समजाचं ते समजतीन."

उत्तमरावांनी आजूबाजूला पाहिलं. लोक समजायला बसलेलेच होते. "आणतो," ते म्हणाले.

कलाबाईंनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग वैभवला बोलावून, गोवऱ्या एक बंडीभर जास्त सांगून ठेव, एवढंच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी आभाळ आलं, त्यामुळे चाचणी रद्द झाली, पण ती रद्द करायलाही सगळे जमलेच होते. त्याच्या पुढच्या रविवारी उत्तमरावांनीच तक्रार केली की मंगेशच्या टीव्हीला झाडाची सावली मिळते आणि आपल्याला नाही. बंडी फिरवण्यात संध्याकाळ झाली, आणि रोडग्यांनंतर पुंडलिकरावांनी त्या व्यापाऱ्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मंगेशनं अंगणातच दोन-तीन टीव्ही विकले. विकत घेणारे घरात, पडदा ओढून पाहणारे होते.

पुंडलिकरावांनी मात्र अजून टीव्ही घेतलेला नाही. कोणी विचारलं तर सांगतात, घाई करून फसायचं नाही. आंबिया संपत आला, पण उन्हाळ्याच्या तोंडी येणाऱ्या मृग बहाराच्या फळावर पाहायचं अजून बाकी आहे.