मुस्तफाभायचं आमंत्रण

पहिल्या वर्षी संमेलनाला अकरा माणसं आली आणि दुसऱ्या वर्षी सात. त्या सातांतले दोघे तर फुकट वाय-फाय मिळेल एवढ्याच आशेने आले होते. मशीनं बघून त्यांनी चहा घेतला आणि समुद्रावर निघून गेले. तिसऱ्या वर्षी निलेश मयेकरच्या बायकोने, सावित्रीने, शेवटचं सांगून टाकलं.

"चाळीस माणसां इली तर माळो तुझो. एक जरी कमी पडलो, तर ती खोकी भंगारात आणि वर दोन एसी खोल्यो. नंतर माझ्याकडे तोंड वाकडा करून येव नको."

खोकी म्हणजे निलेशचे संगणक. घरच्या टीव्हीला जोडायचे, कॅसेटवरून प्रोग्राम चढवायचे, ऐंशीच्या दशकात ज्यांचं कोण कौतुक होतं ते. असे बत्तीस संगणक तारकर्लीच्या घराच्या माळ्यावर जुन्या चादरी पांघरून झोपले होते. मुंबईत बँकेच्या संगणक विभागात तीस वर्षं काढून निलेश गावी परतला, खालच्या चार खोल्या पर्यटकांना दिल्या आणि माळा या बत्तिसांना दिला. मे महिन्यात जागा नाही म्हणून गेटावरून गाड्या परत जायच्या, तेव्हा सावित्री वर माळ्याकडे अशी बघायची की निलेश नजर चुकवायचा. तिचं चुकत नव्हतं हे त्याला कळत होतं. कळत होतं म्हणूनच तो जास्त चिडायचा.

दर फेब्रुवारीत तो या जुन्या मशीनांच्या वेड्यांचं संमेलन भरवायचा. वेडे देशभर होते, हजार-दीड हजार तरी असतील, पण ते आपापल्या घरात बसून एकमेकांच्या फोटोंना अंगठे दाखवण्यात समाधानी होते. त्यांना दोन रात्रींचा प्रवास करून मालवणात आणायचं म्हणजे खेकड्यांना रांगेत चालवण्यासारखं. निलेशने सगळे उपाय केले. मेल पाठवले, ग्रुपांवर लिहिलं, येणाऱ्याला राहण्यात सवलत दिली. गणेशचतुर्थीला घरात गणपती, खाली माणसांची ये-जा, फुगड्यांचा आवाज, आणि हा वर बसून बेंगळुरूच्या मंडळींना लांबलचक पत्र लिहीत होता. शेवटी लाज सोडून त्याने जाहिरातीत तळलेली सुरमई आणि डॉल्फिनसुद्धा घातले. दिवाळीपर्यंत नावं आली नऊ.

नऊ! तो तीन दिवस कोणाशी नीट बोलला नाही.

मग एका सकाळी त्याला तो व्हिडिओ आठवला. गेल्या संमेलनात त्याने मोबाइलवर सहज काढलेला. मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारातला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा मुस्तफा मुकादम खाऱ्या हवेने गंजून मेलेलं एक मशीन उघडतो, ब्रशने पुसतो, कानाला लावल्यासारखं जवळ धरतो, कथलाचा डाग देतो, आणि चाळीस मिनिटांत पडद्यावर अक्षरं उमटतात. त्याखाली शे-दीडशे लोकांनी एकच विचारलं होतं: हा माणूस कोण? कुठे भेटेल?

निलेशने कपाळावर हात मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

हा माणूस कोण, हे निलेशइतकं कोणाला ठाऊक असणार? सत्त्याऐंशी साली आखातातून आलेल्या कोणीतरी कट्ट्यात पहिला संगणक आणला आणि तो महिनाभरात बंद पडला. कोल्हापूरवाल्यांनी हात टेकले. मुस्तफाने आयुष्यात तसली वस्तू पाहिली नव्हती, पण नऊ दिवस ती उघडून बसला आणि चालू केली. सोळा वर्षांचा निलेश शाळा सुटल्यावर त्याच्या दुकानात बसायचा. त्याने आपली पहिली ओळ त्या मशीनवर टाइप केली. पुढची नोकरी, मुंबईचं घर, तारकर्लीच्या चार खोल्या, सगळं त्या ओळीतून आलं. हे निलेश चारचौघांत स्वतः सांगायचा.

दुपारपर्यंत पोस्टर तयार झालं. वर मुस्तफाचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत: 'तुमचं मेलेलं मशीन घेऊन या. मुस्तफाभाय तुमच्या डोळ्यांदेखत जिवंत करतील.' आठवड्यात एकोणीस नावं आली. महिन्यात एकतीस. पुण्याच्या अनिश देवधरने लिहिलं, वडिलांचं मशीन आहे, ते गेल्यापासून कपाटात बंद आहे, मुस्तफाभाय बघतील ना? निलेशने दोन मिनिटांत उत्तर दिलं, नक्की बघतील. जानेवारीच्या शेवटी आकडा त्रेपन्नवर गेला आणि सावित्रीने शेजारच्या बाबलीच्या घरातल्या तीन खोल्या मागून घेतल्या.

पोस्टर निलेशने मुस्तफालाही पाठवलं होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. मुस्तफाभाय मोबाइलवर लिहायचा कंटाळा करतो, त्यात काय नवीन? निळ्या खुणा म्हणजे होकार, असं निलेशने धरलं आणि पुढच्या कामाला लागला.

आणि कामं तरी किती! आपल्याकडे कार्यक्रम करायचा म्हणजे नुसती पत्रिका धाडून भागत नाही. छापलेलं आमंत्रण हे कागदाला आमंत्रण. माणसाला बोलवायचं तर अंगणात जाऊन हाक मारावी लागते, ओटीवर टेकावं लागतं, पाणी पिऊन 'येवक व्हया हां' असं तोंडाने म्हणावं लागतं. नाहीतर भिंतीला भिंत लागलेला सख्खा भाऊसुद्धा जेवायला यायचा नाही. निलेशला हे सगळं पाठ होतं. त्याने देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. सातही मानकऱ्यांच्या घरी तो स्वतः गेला, सरपंचाकडे गेला, स्पीकरवरून कुरकुर नको म्हणून आजूबाजूच्या घरांतही गेला. मांडवाचं आणि खुर्च्यांचं सांगायला तो दोनदा कट्ट्याला गेला. दोन्ही वेळा मुस्तफाच्या दुकानावरूनच गेला. दोन्ही वेळा शटर बंद होतं. गाडी थांबवावी असं मनात आलंही, पण घाई होती. आणि मुस्तफाभाय काय, घरचाच माणूस.

शनिवारी सकाळी नऊला मांडवात त्रेपन्न माणसं बसली होती. कोची, बेंगळुरू, पुणे, नागपूर. एकोणीस जणांच्या मांडीवर किंवा पायाशी खोकी होती, फोममध्ये गुंडाळलेली, लहान मुलांना जपावं तशी जपून आणलेली. पुढे टेबलावर नवं डाग देण्याचं यंत्र, भिंग, दिवा. टेबलामागची खुर्ची रिकामी. साडेनऊ झाले, दहा झाले. निलेशने चार फोन केले. घंटा वाजत राहिली. सव्वादहाला त्याने गाडी काढली.

मुस्तफाचं घर दुकानाच्या मागेच. दार उघडं होतं. बानूभाबी दारात आली, त्याच्याकडे बघून बाजूला झाली आणि "ये" एवढंच म्हणाली. आत खाटेवर मुस्तफा बसला होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, दाढी नीट केलेली, पायांत बूट. निलेशला हायसं वाटलं.

"भाय, तयार होवन बसलंस आणि फोन घेणस नाय? चल, माणसां थांबलीहत."

"खंय?"

"खंय म्हणजे? तुका पोस्टर धाडलंय मां?"

"बघितलंय. फोटो बरो इलोहा माझो." मुस्तफा त्याच्याकडे न बघता बोलत होता. "तो फोटो गेलो आसतलो थय. माणसाक बोलवूक कोण इलो?"

निलेश हसला. खरंच हसला, कारण त्याला ती थट्टा वाटली. "अरे भाय, तू घरचो माणूस! तुका आमंत्रण कसला?"

"घरचो." मुस्तफाने मान हलवली. "परक्याचा नाव न इचारता घातला तर चलता रे. तो भांडता नि मोकळो होता. घरच्याक आधी इचारतत. रियाच्या लगनाक देवाक नारळ ठेवलंस आणि पयलो माझ्या दारात इलंस. तेवा मी परको होतंय?"

निलेशने खाटेकडे पाहिलं. मुलीच्या लग्नात तो दोनशे घरं फिरला होता आणि पहिलं घर हेच होतं. खाटेवर, याच जागी, अक्षता दिल्या होत्या.

"चुकला माझा," तो म्हणाला. "पाया पडतंय. पण आता चल. त्रेपन माणसां फक्त तुझ्यासाठी इलीहत."

मुस्तफाने मांडीवरचे दोन्ही हात उचलून पुढे धरले. बोटं थरथरत होती. थंडीने थरथरावीत तशी नव्हे. उजवा हात मनगटापासून हलत होता आणि थांबत नव्हता. याच बोटांनी केसाएवढ्या तारा जोडलेल्या निलेशने पाहिल्या होत्या.

"डॉक्टर म्हणता, आता ह्या जावचा नाय," बानूभाबी मागून म्हणाली. "चायचो कप मीच धरतंय. दुकान बंद करून चार म्हयने झाले."

"माका कोणी सांगूक नाय," निलेश कसाबसा म्हणाला.

"कोण सांगतलो?" मुस्तफाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "एकदा दारात पाय ठेवलो असतस तर दिसला असता तुका! वर्षभर हय्सून गाडी घेवन जातस. तेवा सांगलं असतंस, तर मी थय बसान दुसऱ्याकडसून करून घेतलंय असतंय. तोंड चलता माझा अजून. दोन पोरांका शिकवून ठेवलंय असतंय. आज सकाळीसुद्धा सात वाजल्यापासून बूट घालून बसलंय. म्हटलंय, येयत. गाडयेचो आवाज इलो काय उठतंय."

"आता इलंय मां मी."

"खुर्ची रिकामी दिसली म्हणान इलंस."

हे खरं होतं. निलेशला शरम वाटली, इतकी की मान वर करवेना. "नुसतो येवन बस, भाय," तो पुटपुटला.

"ती माणसां माझो हात बघूक इलीहत. त्यांका ह्यो हात दाखवू?" मुस्तफाने हात परत मांडीवर ठेवले आणि डाव्याने उजवा दाबून धरला. मग खाली वाकून एका हाताने बुटाची नाडी सोडू लागला. ती सुटेना. बानूभाबी खाली बसली आणि तिने दोन्ही बूट काढून खाटेखाली सारले. "जा तू," मुस्तफा म्हणाला. "माणसां थांबलीहत."

परतीच्या वाटेवर निलेशने एकदा गाडी बाजूला घेतली आणि स्टेअरिंगवर मूठ आपटली. पण वेळ निघून गेली होती. मांडवात येऊन त्याने माइक हातात घेतला आणि मुस्तफाभायंना बरं नाही असं सांगितलं. कोणी आरडाओरडा केला नाही. एक-दोघांनी घड्याळ पाहिलं. अनिश देवधर आपलं खोकं घेऊन पुढे आला.

"त्यांना बरं नाही हे मला आधी कळलं असतं तर मी त्यांना नुसतं भेटायला आलो असतो," तो म्हणाला. "तुम्ही नक्की म्हणालात म्हणून हे घेऊन आलो. वाईट वाटून घेऊ नका, पण आम्ही संमेलनाला नव्हतो आलो."

तिकिटं रविवारची होती, म्हणून सगळे राहिले. दुपारी सुरमई झाली, संध्याकाळी देवबागच्या बोटी झाल्या, डॉल्फिनही दिसले म्हणे. लोक खूश होते. बत्तीस मशीनं बघायला माळ्यावर दिवसभरात सहा माणसं चढली. रविवारी निघताना ज्याने त्याने एवढं ओझं परत कुठे न्यायचं म्हणून आपलं खोकं निलेशच्या हवाली केलं. 'मुस्तफाभाय बरे झाले की बघतील,' असं म्हणून एकोणीसच्या एकोणीस मेलेली मशीनं ते मागे ठेवून गेले. अनिशने सर्वांत शेवटी ठेवलं आणि खोक्यावर वडिलांचं नाव लिहिलं.

दुपारी निलेश एकेक खोकं माळ्यावर चढवत होता. सावित्री जिन्याखाली उभी होती.

"त्रेपन," ती म्हणाली. "माझो शब्द म्हणजे शब्द. माळो तुझो." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरोखर हरली होती आणि हरल्याचं तिला फार वाईटही वाटत नव्हतं. "पण मुस्तफाभाय कित्याक नाय इले? मी त्यांच्यासाठी सुरमयेचो वाटो येगळो ठेवलेलंय."

"त्यांचे हात थरथरतत," निलेश म्हणाला. "आता काम होवचा नाय त्यांच्यान."

"ता माका म्हायत आसा." सावित्रीने खालून एक खोकं उचलून त्याच्या हातात दिलं. "चवथीक बानूभाबी इल्ली, तेवाच सांगल्यान. तू वर मेल लिवत होतंस. माका वाटला, भाय नुसते बसान सांगतले, हात दुसरो कोण चलवतलो."

निलेश जिन्यात थांबला. "मगे माका बोललंस नाय कशी?"

"तुका काय सांगूचा?" ती म्हणाली. "म्हटलंय, घरचोच माणूस तुझो. तुका म्हायत आसतलाच."