साधी भोवरी

"विक्रांतराव, पाय असा ताठ धरू नका, ढिला सोडा," सुधाकर म्हणाले आणि परातीतला जावयाचा उजवा पाय त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

अधिक महिन्यातलं जावयाचं जेवण होतं. फ्रीगंजमधल्या त्यांच्या तीन खोल्यांच्या घरात जावई खुर्चीवर बसले होते, शेजारी सासूबाई सुलभाबाई टॉवेल घेऊन उभ्या होत्या आणि तबकात तेहतीस अनारसे रचून ठेवले होते. सोफ्यावर विहीण उषाताई, त्यांच्या दोन नणंदा आणि नऊ वर्षांची नात इशिता बसली होती. मुलगी मानसी मोबाइलवर फोटो काढत होती.

पाय धुणं म्हणजे तांब्याभर पाणी सोडायचं, पुसायचं, कुंकू लावायचं. दोन मिनिटांचं काम. पण सुधाकर पडले एकतीस वर्षं धर्मादाय दवाखान्यात फिजिओथेरपी केलेले. कुणाची टाच सकाळी पहिल्या पावलाला कळवळते, कुणाचा तळवा सपाट आहे, कुणाचा अंगठा बाहेर वळलाय, हे त्यांना माणूस दारातून आत येतानाच कळायचं. माधव नगरातली निम्मी म्हातारी माणसं त्यांच्या व्यायामांवर उभी होती. उषाताईंच्या लेखी मात्र ते मालिशवालेच. तसं त्या चारचौघांत हसत हसत म्हणतही.

हातातला पाय चांगला नव्हता. तळव्याची कातडी कोरडी ठक्क होती, बोटं आत मुडपलेली आणि अंगठ्याच्या बुडाशी जाड भोवरी. भोवरीत काहीतरी चकाकलं. सुधाकरांनी नखानं उचकटलं, तर स्टेपलरची पिन निघाली. पिनेमागून पिवळसर थेंब परातीत पडला.

"हे टोचलं नाही तुम्हाला?"

"काय टोचलं?" विक्रांत फोनमधून मान न काढता म्हणाला.

सुधाकरांनी अंगठ्याच्या टोकाला नख रुतवलं. जोरात रुतवलं. विक्रांत फोनवर काहीतरी टाइप करतच राहिला. इथे शहाण्या माणसानं कुंकू लावून उठायचं असतं आणि जावयाला नंतर बाजूला घेऊन सांगायचं असतं. पण समोर पाय असला की सुधाकरांना बाकीचं जग दिसायचं नाही, हा त्यांचा जन्माचा दोष.

"विक्रांतराव, शुगर किती आहे तुमची?"

उषाताईंनी चटकन नणंदांकडे पाहिलं. शुगर होती, चांगली सहा वर्षांची होती, पण उषाताईंनी ती सासरच्या गणगोतापासून लपवली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ आता नणंदांसमोर उघडली होती.

"म्हणजे?" उषाताई म्हणाल्या. "आमच्या मुलात खोट काढायला बोलावलंत का? पाय धुवायला बसलात ना? मग धुवा."

"ताई, खोट नाही. पायाला संवेदनाच उरलेली नाही. जखम झाली तरी ह्यांना कळणार नाही. उद्याच्या उद्या डॉक्टरांना..."

"पप्पा, आज तरी दुकान बंद ठेवा," विक्रांत हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. त्यानं ओला पाय तसाच चपलेत घातला. "चल आई. इतकी बेइज्जती माझी आजवर कुणी नाही केली."

"जेवण तरी..." सुलभाबाई म्हणाल्या.

"मानसीला जेवू घाला. आणि ठेवून घ्या इथेच. तिचेही पाय तपासा."

गाडी सुरू झाली तेव्हा इशिता मागच्या सीटवर आजीशेजारी होती आणि मानसी फाटकात.

चार दिवस फोन उचलला गेला नाही. मानसी नानाखेड्याला स्वतःच्या दारात जाऊन आली, तर दार उघडलं नाही. आतून इशिताचा आवाज येत होता, एवढं तिनं आईला सांगितलं आणि मग ती बापाकडे वळली.

"फोन लावा त्यांना. म्हणा, गलती झाली, पाय नॉर्मल आहे."

"मानसी, तो पाय नॉर्मल नाही."

"मग काय करू मी? तुमच्या एका पायापायी माझं घर गेलं, बाबा! माझी पोरगी गेली! तुम्हाला काय पडलंय त्याचं?"

"मी तुझ्याचसाठी..."

"माझ्यासाठी फोन लावा."

सुलभाबाई ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. नवऱ्याचं म्हणणं खरं आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण त्या आता लेकीच्या बाजूला होत्या. सुधाकरांची अवस्था तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ल्यासारखी झाली. त्यांनी फोन लावला. मानसीनं तो स्पीकरवर टाकला.

"विक्रांतराव, चुकलं माझं. मी नीट विचार केला. काही नाही तसं. साधी भोवरी आहे."

"म्हणजे पाय ठीक आहे ना?"

सुधाकरांनी मानसीकडे पाहिलं. तिनं हात जोडले होते.

"ठीक आहे."

"हेच त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला असता तर?"

"हो. तरी एकदा डॉक्टरांना दाखवून..." मानसीनं फोन कट केला. संध्याकाळी गाडी आली आणि ती गेली. जाताना तिनं आईबापांना वाकून नमस्कार केला. तिचे डोळे आनंदानं भरून आले होते. एकतीस वर्षांत सुधाकर रोग्याशी पहिल्यांदा खोटं बोलले होते आणि ते खोटं लगेच गुणकारी ठरलं होतं.

अडीच महिन्यांनी इंदूरहून फोन आला. विक्रांतचा पाय गुडघ्याखाली कापला होता.

सुधाकर इंदूरच्या दवाखान्यात पोहोचले तेव्हा सर्जन खाटेजवळ उभा होता. "इतना पुराना घाव था, पहले किसी को दिखाया नहीं?"

"दिखाया था ना," उषाताई म्हणाल्या. "ये इनके ससुर हैं, पैरों का ही काम करते हैं. इन्होंने कहा, सब ठीक है. हम तो इन्हीं के भरोसे बैठे रहे."

सर्जननं मानसीकडे पाहिलं. मानसीनं बापाकडे पाहिलं नाही.

"हाँ," ती म्हणाली. "पापा ने ही कहा था."

"आपने कहा था?"

सुधाकरांना वाटलं, आता ती बोलेल. निदान रडेल. ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. आपण खरं सांगितलं तर ही पुन्हा फाटकात उभी राहील, एवढाच विचार त्यांच्या मनात आला.

"हाँ," ते म्हणाले. "मैंने कहा था."

सर्जन पुढच्या खाटेकडे गेला. विक्रांत भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याच्या कापलेल्या पायाच्या गुडघ्याखाली मऊ मोठी उशी होती. सुधाकरांना पुढचं सगळं दिसलं. पाय असा उशीवर वाकवून ठेवला की गुडघा तसाच आखडतो आणि मग खोटा पायसुद्धा बसत नाही. महिन्याभरात माणूस कायमचा खुर्चीत.

ते पुढे झाले, तशा उषाताई मध्ये आल्या. "हात नाही लावायचा. खूप केलंत तुम्ही."

मानसी त्यांना व्हरांड्यात घेऊन आली. "बाबा, तुम्ही घरी जा आता. आई चिडतात."

"मानसी, ती उशी तेवढी काढ. गुडघा सरळ राहू दे. तुझ्या हातानं काढ, माझं नाव सांगू नको."

"बाबा, प्लीज. आता पुरे करा," ती म्हणाली आणि आत गेली.

दाराला काचेची पट्टी होती. सुधाकर तिच्याशी थांबले. आत विक्रांत काहीतरी कण्हत म्हणाला. मानसी लगबगीनं खाटेशी गेली, दोन्ही हातांनी ती उशी झटकून फुगवली, आणि नवऱ्याला आराम पडावा म्हणून त्याच्या गुडघ्याखाली आणखी आत सरकवली.