ताशी आठशे लिटर

आमच्या ह्यांनी अख्खी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसात काढली. त्यामुळे पाण्यातलं आपल्याला कोणी शिकवू नये, असं त्यांचं ठाम मत. नात आईबाबांबरोबर परगावी राहायला गेली, तेव्हा तिची काचेची छोटी टाकी आणि त्यातला निळा फायटर मासा आमच्या हवाली करून गेली. शेल्यासारखी लोळणारी शेपटी, म्हणून त्याचं नाव नवरदेव. "आजोबा, सुट्टीत मी येईपर्यंत सांभाळाल ना?" तिनं विचारलं. ह्यांनी शब्द दिला.

पाणी गढूळ व्हायला लागलं म्हणून आम्ही दोघं फिल्टर घ्यायला गेलो. टाकी वीस लिटरची, एवढं ऐकून दुकानदारानं स्पंजचा एक लहानसा फिल्टर पुढे ठेवला. एअर पंपाची नळी जोडली की बुडबुडे वर येतात आणि पाणी स्पंजातून हळूहळू गाळलं जातं.

"ह्या खेळण्यानं काय होणार? तो वरचा दाखवा."

"काका, तो चार फुटी टाकीचा आहे. तासाला आठशे लिटर फेकतो."

"मग उत्तमच की!"

"अहो, ऐका त्याचं," मी कोपरानं ढोसलं. पण ऐकतील तर ते हे कसले! नाकापेक्षा मोती जड, तो मोती पिशवीत घालून स्वारी घरी आली.

बटण दाबलं आणि टाकीत भोवरा उठला. नवरदेव काचेवर आदळला, मग कसाबसा झाडामागे जाऊन चिकटला. खाणं टाकलं की तोंडाशी येण्याआधीच वाहून जायचं. "होईल सवय," हे म्हणाले. चार दिवसांत त्या सुंदर शेपटीच्या चिंध्या झाल्या.

रविवारी नातीचा व्हिडिओ कॉल आला. ह्यांनी फोन असा धरला की नुसतं झाड दिसावं. "झोपलाय गं तो," म्हणाले.

फोन ठेवल्यावर माझं डोकंच फिरलं. "लेकराशी खोटं बोलता? उद्या मेला म्हणजे काय सांगणार तिला?"

ते उठले. प्लग काढला आणि खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. बऱ्याच वेळानं नवरदेव बाहेर आला, एक दाणा उचलला. ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि तडक दुकान गाठलं.

आता टाकीत बुडबुडे येतात. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात जरासा पिळायचा, नाहीतर त्यातले उपयोगी जंतू मरतात, असं दुकानदारानं बजावलंय. नोकरीत रोज पंप फडक्यानं लखलखीत पुसणारा हा माणूस तो मळका स्पंज निमूट परत आत ठेवतो. मला भारी माया येते त्यांची.

पुढच्या रविवारी त्यांनी आपणहून फोन काचेला लावला. फाटकी शेपटी दाखवली.

"चिमणे, तो झोपला नव्हता. माझं चुकलं. मोठा फिल्टर आणला मी. दुकानदार नको म्हणत होता, आजी सांगत होती, मी ऐकलं नाही."

तिनं पडद्याजवळ तोंड आणून शेपटी नीट पाहिली. मग ती म्हणाली, "आता जेवतो ना तो?"

"जेवतो. शेपटीही येईल हळूहळू."

"मग तुम्ही रडू नका."

चाळीस वर्षांच्या संसारात "माझं चुकलं" हे दोन शब्द मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. तेही मला नाही, आठ वर्षांच्या पोरीला. पण "आजी सांगत होती" हे म्हणाले ना! मी पदर डोळ्यांना लावला आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली.