जयाबाईचा नेम

जागा आणि वेळ सोडली, तर शांतिनाथ चौगुल्यांच्या निपाणीच्या घरात काय म्हणाल ते सापडायचं. सोप्यात तंबाखूचे बोद, म्हणजे गच्च भरलेली पोती, आढ्याला टेकलेले, त्यांचा खकाणा थेट देव्हाऱ्यापर्यंत. माजघरात पितळेच्या घागरी, तीन पिढ्यांच्या लग्नांत आलेली ताटं, कान तुटलेली कढई, दांडा गेलेली झारी. शांतिनाथची आई अंबुबाई यांचं एकच पालुपद असे, "असू दे, लागतंय." पन्नास वर्षांत त्यातलं नेमकं काय लागलं, हे विचारायची मात्र कुणाची छाती नव्हती.

लागो न लागो, घासायला सगळं लागायचं आणि घासायची सून. जयाबाईची अर्धी सकाळ चिंच आणि राखेत जाई. उरलेल्या अर्ध्यात वखारीच्या गड्यांच्या भाकरी, दुपारी निवडणं-टिपणं, तिसऱ्या प्रहरी पुन्हा भाकरी, आणि जैनाचं घर, म्हणून दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं. या रामरगाड्यात तिला लेक शिकवायची होती.

लेक कांता. मुलींच्या शाळेत चौथी होती तेवढी तिनं केली. पुढचे वर्ग मुलग्यांच्या शाळेत, आणि तिथं नात पाठवायला अंबुबाई काही वेड्या नव्हत्या. जयाबाई माहेरी कोल्हापुरात सातवी झालेली. तिनं घरीच पाटी धरली. बघता बघता पोरगी चौदाची झाली, सातवीच्या परीक्षेला बाहेरून बसण्याइतकी तयार झाली. परीक्षा चैत्रात, चिकोडीला. पास झाली तर पुढं मास्तरीण व्हायची वाट मोकळी, नाहीतर सदलग्याचं स्थळ तयारच होतं. सदलगा म्हणजे दूधगंगेकाठचं अंबुबाईंचं माहेर.

शांतिनाथ माणूस भला, पण आईपुढं मांजर. त्यानं जन्मात एकदा तोंड उघडलं. "आई, परीक्षा हुईपर्यंत लग्नाचं नाव काढायचं न्हाय."

"न्हाय काढत," अंबुबाई म्हणाल्या. "पर घरातलं एक काम जरी अडलं, तर पाटी चुलीत."

शब्द झाला. आणि दुसऱ्या दिवसापासून काम अडू नये म्हणून धावणाऱ्या जयाबाईला पाटीकडे बघायलाही फुरसत मिळेना. दोन गणितं सांगावीत तोवर हाक, "जया, ताक!" एक धडा उघडावा तोवर, "जया, ते गंगाळ कुणी घासायचं?" म्हातारीचं काही मुद्दाम नव्हतं असं मी म्हणणार नाही. थोडं मुद्दाम होतंच.

भाद्रपदात एक दिवस घागरी घासता घासता जयाबाईचा हात थांबला. आपला वेळ माणसं खात नाहीत, ही भांडी खातात, हे तिला तिथं कळलं. त्या चातुर्मासात गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनिमहाराज उतरले होते. रोज कुणी ना कुणी नेम घ्यायचं. कुणी मीठ सोडलं, कुणी दूध. जयाबाई उठली, महाराजांसमोर हात जोडून उभी राहिली, आणि परिग्रह-परिमाणाचा नेम घेऊन आली. एवढीच भांडी वापरीन, एवढीच लुगडी नेसेन, बाकीच्याला हात लावणार नाही. वर रोज दुपारचं सामायिक.

जयाबाई नुसती भांडी कमी करते म्हणाली असती, तर अंबुबाईंनी आकाश पाताळ एक केलं असतं. पण महाराजांसमोर घेतलेल्या नेमाला नाही म्हणणार कोण? गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "नशीबवान हाईस अंबुआक्का, असली सून मिळाली." अंबुबाईंना हसावं लागलं. चार दिवसांत माजघर रिकामं झालं. थोडी भांडी बस्तीच्या सैपाकघरात गेली, बाकीची पोत्यात बांधून माळ्यावर. भिंत दिसायला लागली, तेव्हा ती पिवळी होती हे कांताला पहिल्यांदाच कळलं.

त्या आवराआवरीत माळ्यावर एक तांब्याची वाटी सापडली, तळाला सुईएवढं भोक असलेली. लग्नाच्या मुहूर्ताला पाण्यावर सोडायचं ते घटिकापात्र. भरलं की बुडतं आणि एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं, झाली म्हणायची. "ठेव ती," अंबुबाई म्हणाल्या, "कांताच्या लग्नात लागतीय." जयाबाईनं ती ठेवली, पण सामायिकासाठी. दोन घटका एका आसनावर बसायचं, मन शांत ठेवायचं, संसाराचं काही बोलायचं नाही, आणि बसलेल्याला बाहेरच्यानं हाक मारायची नाही. धर्मग्रंथाचं वाचन तेवढं चालतं.

माजघराचं दार लोटलं जाई. आत मायलेकी, समोर गंगाळातल्या पाण्यावर ती वाटी. आणि वाचन चाले ते भूगोलाचं.

जयाबाईला काय वाटत होतं, ते आडपडद्यानं सांगण्यात अर्थ नाही. तिला भीती वाटत होती. देवाची वाटत होती, महाराजांची वाटत होती, आणि सगळ्यांत जास्त दाराची वाटत होती. रोज बसताना ती मनात म्हणे, आज खरं सामायिक करीन. मग कांताकडे बघे, आणि हळूच म्हणे, "काढ गं, कृष्णेच्या उपनद्या."

असे पाच महिने गेले. कुणाला सुगावा लागला नाही, असं तिला वाटत होतं.

माघातली गोष्ट. दुपारी चारच्या सुमाराला मायलेकी आसनावर बसल्या, वाटी पाण्यावर सोडली, आणि पाचच मिनिटांत सोप्यातून पुरुषांचे आवाज आले.

"या, या, दादा! पायावर पानी घ्या. सदलग्यास्नं मोटारीनं आलासा व्हय?" अंबुबाईंचा आवाज मधात घोळलेला होता.

कांतानं आईकडे बघितलं. म्हातारीनं शब्द मोडला होता. आज पोरगी पाहुण्यांसमोर पाणी घेऊन गेली, त्यांनी हो म्हटलं, की सुपारी फुटायला कितीसा वेळ? आणि सुपारी फुटल्यावर परीक्षेचं नाव कोण काढू देतंय. शांतिनाथ वखारीत, आणि घरात असता तरी काय होतं.

वाटी बुडाली, एकदा, मग पुन्हा. सामायिक झालं. दाराच्या फटीखाली दोन पावलांची सावली आली.

"जया, झालं न्हवं?" अंबुबाई हळू बोलल्या. "पोरीला धाड भाईर. पाव्हणं आल्यात. नुसतं बघून जातील."

कांता उठायला लागली. जयाबाईनं तिचा हात घट्ट धरला, वाटी पाण्यातून काढली, रिकामी केली, आणि पुन्हा पाण्यावर सोडली. दुसरं सामायिक. वर मोठ्यानं णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली, म्हणजे दाराबाहेर कळावं.

सावली जराशी थांबली आणि निघून गेली.

त्या घरातल्या दोन घटका कुणाच्याही जन्मात एवढ्या लांब गेल्या नसतील. बाहेर चूल फुंकल्याचा आवाज, शिऱ्याचा वास. पाहुणे जैन, दिवस मावळायच्या आत जेवणार. अंबुबाई एकट्या रांधत होत्या आणि वाढत होत्या. ताटं पुरेनात म्हणून त्यांची पुटपूट आत ऐकू येत होती, कारण चांगली ताटं माळ्यावर पोत्यात होती आणि पाहुण्यांसमोर शिडी कोण लावणार. जयाबाईच्या ओठावर मंत्र होता, पण लक्ष वाटीवर. कांता हळूच म्हणाली, "आई, पाय वळलाय." जयाबाईनं तिचा पाय मांडीवर घेऊन चोळला. मंत्र थांबवला नाही.

वाटी बुडाली. ती पुन्हा बुडाली. पुन्हा सावली आली, या वेळी आवाज कडक होता. "जया. तिसरं बसू नगंस. माज्या म्हायारची मान्सं हाईत."

जयाबाईचे डोळे भरून आले. तिनं वाटी पाण्यावर सोडली.

शेवटची मोटार सहाला सुटायची. पाहुण्यांनी पागोटी चढवली. त्यातला म्हातारा जाता जाता दारातून म्हणाला, "मुलगी उठली की कळवा हो आमास्नी." सगळे हसले. अंबुबाई हसल्या नाहीत.

तिसरं सामायिक सुटलं तेव्हा दिवस मावळला होता. जयाबाईनं दार उघडलं. अंबुबाई उंबऱ्याशीच बसल्या होत्या. त्यांचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच जयाबाईला जास्त भीती वाटली.

"पाच म्हैनं ऐकतीया मी," त्या म्हणाल्या. "हितंच बसून. कोयना, वारणा, पंचगंगा. ही कंच्या शास्त्रातली गाथा गं?"

जयाबाई त्यांच्यासमोर खाली बसली.

"गप ऱ्हायले. म्हनलं, पोरगी शिकतीया, काम अडंना झालंय, शिकू दे. पर आज तू नेमाच्या आड दडलीस. नेम काय दडायला अस्तोय व्हय?"

"तुम्ही शब्द दिला होता, आत्ती," जयाबाई कशीबशी म्हणाली.

"व्हय. म्या शब्द मोडला. तू नेम मोडलास. माज्या शब्दाचं मी बघते. उद्या गाडी जुंपायला सांगते, स्तवनिधीला चल, आन् महाराजांस्नी तुज्या तोंडानं सांग."

महाराज तेव्हा तवंदीच्या घाटाजवळ स्तवनिधीला होते. जयाबाईनं सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. पाच महिन्यांचा दगड पोटातून निघाल्यासारखं झालं तिला. महाराजांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "जेवढे महिने त्या आसनावर संसार बोललात, तेवढे महिने त्याच आसनावर त्याच वेळी मौन. हातवारे नाहीत, पाटीवर लिहिणंही नाही."

जयाबाईनं मान खाली घालून नेम घेतला, आणि गाडीत बसल्यावर हिशेब लागून तिला रडू कोसळलं. पाच महिने म्हणजे आषाढ. परीक्षा चैत्रात. दिवसातला तेवढाच एक तुकडा तिच्या मालकीचा होता, तोच मुका झाला. अंबुबाई शेजारी बसून समोर बैलांच्या शिंगांकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून कांता एकटी वाचायला लागली. आई समोर बसलेली, डोळे मिटलेले, ओठ शिवलेले. पोरीचं चुकलं तर चूक तशीच पुढं जाई. व्याजाचं गणित उलटं मांडलं, आई गप्प. सनावळी चुकली, आई गप्प. जयाबाई आसनाचा काठ मुठीत आवळून बसे आणि वाटी बुडाली की भाकऱ्या थापायला पळे, कारण गडी दारात उभे असत. असले हाल वैऱ्याचेही होऊ नयेत.

नवव्या दिवशी कांता उपनद्या म्हणत होती. बोदांच्या खकाण्यानं तिचा घसा बसलेला. "कोयना, वारणा, पंचगंगा," ती खोकली, "घटप्रभा, मलप्रभा."

तिनं आईकडे बघितलं. जयाबाईचा चेहरा दगडाचा. पोरीला वाटलं, बरोबर आलं. ती पुढच्या प्रश्नाकडे वळली.

"आन् दूधगंगा?" दार धाडकन उघडलं. दारात अंबुबाई, हातात तुरीच्या डाळीचं सूप. "दूधगंगा कुटं घालवलीस गं? माजं म्हायार वाहून गेलं व्हय?"

कांता दचकून बघतच राहिली. जयाबाईनं डोळे उघडले.

"पंचगंगेच्या मागनं दूधगंगा. पाच म्हैनं तुजी आई कानीकपाळी वरडतीया." अंबुबाई आत आल्या, सूप बाजूला ठेवलं आणि गुडघा धरून आसनाच्या कडेला बसल्या. "मी त्याच नदीत पवायला शिकले. ती पुस्तकात अस्तीया, हे मला ह्या दारामागंच कळलं. म्हन परत, पयल्यापासनं."

"पण आज्जी, तुला वाचता येत नाही."

"वाचायला तू हाईस की. चुकलीस तर सांगाय मी हाय. मला न्हाय मौनाचा नेम." मग सुनेकडे न बघताच त्या म्हणाल्या, "सदलग्याला निरोप धाडलाय. चैत्र हुईस्तवर थांबा म्हनून. थांबलं तर थांबलं, न्हाईतर दुसरं बघतील. चिकोडीला पोरीसंगं मी जातीया. आन् शांतूला सांगितलंय, सोप्यातलं बोद उद्याच्या उद्या वखारीत न्यायचं. पोरीचा घसा बसतोय."

"असू दे, लागतंय म्हणून ठेवलेत की गं ते," कांता हसून म्हणाली.

"गप. म्हन."

"कोयना, वारणा, पंचगंगा, दूधगंगा," कांतानं सुरुवात केली. जयाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात हलवता येत नव्हता. वाटी दुसऱ्यांदा बुडाली. मौन सुटलं. आता तिला बोलता आलं असतं. सासूनं पोरीला मलप्रभा आधी आणि घटप्रभा नंतर म्हणायला लावलं होतं, ते तरी सुधारता आलं असतं.

ती उठली, आणि आवाज न करता गड्यांच्या भाकऱ्या थापायला गेली.