पूल गेल्याची खबर

१९४४ साल. लोणावळ्याजवळ तुंगार्लीच्या एका बंगल्यात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी उतरले होते. लढत होते एकाच बाजूनं, पण ब्रह्मदेशात आधी कुठं घुसायचं यावर त्यांचं जमेना. ब्रिटिशांना दक्षिणेला रंगून परत हवं होतं, अमेरिकनांना उत्तरेनं चीनकडं जाणारा रस्ता. दोघांनी नकाशे काढायला देहूरोडच्या लष्करी डेपोतून आपापला माणूस मागवला. ब्रिटिशांकडं बजरंग, अमेरिकनांकडं अल्लाउद्दीन.

दोघं सोमाटण्याचे, एकाच मास्तरांच्या हाताखाली शिकलेले. बजरंगची रेघ जास्त सुबक, हे अल्लाउद्दीनही कबूल करायचा. पण अमेरिकन मेजर अल्लाउद्दीनला नावानं हाक मारी, बसायला खुर्ची देई, त्याचं मत विचारी. बजरंगच्या कर्नलला त्याचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. पलीकडच्या खोलीतून मेजरचं हसणं ऐकू आलं की बजरंगचा जळफळाट होई.

बैठकीच्या आदल्या दिवशी कर्नलकडं खबर आली. उत्तरेच्या रस्त्यावरचा मोठा पूल वाहून गेला होता.

"त्यांना कळता कामा नये," कर्नलनं बजावलं. "उद्या सगळ्यांसमोर त्यांचा नकाशा खोटा पडू दे."

बजरंगला मनातून गुदगुल्या झाल्या. दुपारी जेवताना तो अल्लाउद्दीनकडं बघून गालात हसत होता.

"आमचा भाऊ नसीर आज त्या चीनच्या रस्त्यानं लॉरी घिऊन निगालाय, मेजरसाहेबांनी सांगितलं," अल्लाउद्दीन सांगत होता. "रातचं दिवं बंद ठिवून चालवत्यात म्हनं."

बजरंगचा घास हातातच राहिला.

"पूल न्हाई तितं," त्याच्या तोंडून निघून गेलं. "वाहून गेलाय."

अल्लाउद्दीन उष्ट्या हातानंच मेजरकडं धावला. तारा गेल्या, लॉऱ्या अलीकडंच थांबल्या. दुसऱ्या दिवशी बैठकीत मेजरनं स्वतःच पूल गेल्याचं सांगितलं आणि नवा बांधायची योजना पुढं ठेवली. कर्नलचा चेहरा उतरला. संध्याकाळच्या आत बजरंगची डेपोत खोकी उचलायला रवानगी झाली.

लोणावळा स्टेशनवर अल्लाउद्दीन पोचवायला आला. त्याचे डोळे भरले होते.

"तुज्यामुळं माजा भाऊ वाचला. मेजरसाहेब मला संगं कलकत्त्याला नेत्यात. तुलाबी घ्या म्हनलं, पर कर्नलचा मानूस नगं म्हनाले."

"जा की तू," बजरंग म्हणाला.

नसीर जिवंत असल्याचा त्याला खराच आनंद होता. पण गाडी हलली आणि मनात आलं, तोंड मिटून बसलो असतो तर? त्या विचाराची त्याला शरम वाटली. तरी देहूरोड येईपर्यंत तो तेवढाच एक विचार करत राहिला.