बिनआवाजाची बोट

सत्कार संपले आणि एक चादर उरली.

सोलापूरच्या कॉलेजातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी सरपंच बापूसाहेबांनी नवी पेठेतून चादरी मागवल्या होत्या आणि ऐनवेळी एक पाहुणा कमी आला. आपल्याकडे समारंभातली चादर घडी घालून परत न्यायची पद्धत नाही. बापूसाहेबांनी इकडेतिकडे पाहिले, पण पांघरायच्या लायकीचे सगळे खांदे आधीच झाकले गेले होते. मग ते धक्क्याला लागलेल्या नव्या बोटीत सरळ उतरले आणि मागच्या बाजूच्या पांढऱ्या पेटीवर त्यांनी ती चादर घातली, वर झेंडूचा हारही ठेवला.

"खरा मान हिचाच हाय की," ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेटी बनवणारे कॉलेजचे प्रदीप सर तेव्हा धक्क्यावर वार्ताहराशी बोलत उभे होते. त्यांनी हे पाहिलेच नाही.

केराबाई सुकाणूपाशी बसली होती. तिचेही लक्ष पेटीकडे नव्हते. ती लोकांची तोंडे बघत होती. कोण काय बोलतो ते गेली काही वर्षे ती अशीच बघून घेत असे.

जेऊरच्या पलीकडे, उजनी धरणाच्या पाण्याकाठी त्यांची वाडी. बाजार, दवाखाना, हायस्कूल सगळे समोरच्या काठाला, आणि रस्त्याने जायचे तर भलामोठा वळसा. म्हणून डिझेलची लाँच, आणि लाँचवर केराबाई. धनगराघरची बाई पाण्यावर कशी, असे नवीन माणूस हटकून विचारायचा. नवरा मायाप्पा मेंढरे घेऊन रानोमाळ फिरायचा, कुणीतरी गावात राहून घर चालवायला हवे होते, एवढीच त्यामागची गोष्ट होती. निम्मे आयुष्य तिने इंजिनाला खेटून काढले आणि इंजिनाने तिचे कान खाल्ले.

ते कुणाला कळले नाही, हीदेखील इंजिनाचीच मेहेरबानी. त्या धडधडाटात कुणालाच काही ऐकू येत नसे. जो तो हातवारे करायचा, तीही करायची, आणि लाँचवरचे सगळे सारखेच बहिरे असायचे. घरी मात्र मायाप्पाला वाटे, हाक मारली तर बायको ओ देत नाही, हल्ली फार ताठली आहे. तिने त्याला तसे वाटू दिले. बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा ताठर म्हणवून घेणे तिला सोपे गेले.

आता ही नवी बोट आली होती. वारा असला की ती शिडावर चालायची. वारा पडला की पेटीतला फ्युएल सेल टाकीतला हायड्रोजन आणि बाहेरची हवा घेऊन वीज बनवायचा आणि त्या विजेवर मोटार फिरायची. धूर नाही, मागे नुसते पाणी ठिबकायचे. आणि आवाज अजिबात नाही. कॉलेजवाल्यांना त्याचेच मोठे कौतुक होते. केराबाईला त्याचीच भीती वाटत होती.

प्रदीप सरांनी समोरासमोर उभे राहून शिकवले, म्हणून तिला सगळे समजले. शेवटी ते म्हणाले होते, "मावशी, काही बिघडलं की पेटीतून भोंगा वाजेल. आधी लाल चावी बंद करायची." तिने मान डोलावली होती. तो भोंगा आपल्याला ऐकू येणार नाही हे तिला मान डोलावतानाच ठाऊक होते. पण चाचणी पार पडली तर बोट तिच्या ताब्यात, नाहीतर पंचायत दुसरा चालक नेमणार. जुनी लाँच तर भंगारात निघालीच होती.

बोट निघाली. वारा बेताचा होता, म्हणून शीड गुंडाळून मोटारीवरच निघाले. पुढे प्रदीप सर, मध्ये बापूसाहेब आणि वाडीतल्या काही बाया. पाण्याच्या मध्यावर सगळ्यांची तोंडे एकदम मागे वळली. केराबाई हसली. तिला वाटले, बाया कौतुकाने बघतायत. तिने सुकाणू आणखी ताठ धरले.

मग प्रदीप सर धडपडत उभे राहिले. त्यांच्या ओठांवरचा एकच शब्द तिला वाचता आला. चावी.

तिने मागे पाहिले आणि तिला चादर दिसली. पेटी ज्या जाळीतून हवा घ्यायची तीच जाळी बापूसाहेबांनी मानाने झाकून टाकली होती. तिने लाल चावी फिरवली, चादर ओढून काढली. मोटार थांबली होती आणि बोट आडवी वाहू लागली होती. आता मात्र केराबाई डगमगली नाही. तिने गालावर वारा घेतला, दोर सोडला, शीड उघडले आणि काठाची दिशा धरली. वाऱ्याला कान लागत नाहीत. तिने बोट जराही न हेलपाटता धक्क्याला आणली तेव्हा बायांच्या जिवात जीव आला.

धक्क्यावर गर्दी जमली होती. मायाप्पा खांद्यावर घोंगडे टाकून एका कडेला उभा होता.

"मावशी, भोंगा केव्हाचा वाजत होता," प्रदीप सर म्हणाले.

"चूक माजी हाय सायेब, चादर मीच घातली," बापूसाहेब मध्ये पडले. "तिचं नाव खराब करू नगा."

वाट मोकळी होती. गप्प राहिली असती तर सगळे चादरीवर भागले असते. केराबाईला तसा मोहही झाला. पण मघाशी आपण हसलो होतो हे तिला आठवले आणि तिचा चेहरा शरमेने तापला. बायकांचा जीव टांगणीला लागला होता आणि ती हसत होती.

"चादर तुमची, पण कान माजं हाईत," ती म्हणाली. "मला ऐकू येत न्हाय. लई दिवस झालं. इंजिन हुतं तंवर कुणालाच येत नव्हतं, म्हणून खपलं."

गर्दी कुजबुजू लागली, पण ते तिला कळायचे कारण नव्हते. ती प्रदीप सरांच्या तोंडाकडे बघत होती.

"भोंग्याला जोडून दिवा लावा की. डोळं शाबूत हाईत माजं. लावायचा नसंल तर दुसरा माणूस बगा. पर न ऐकताच व्हय म्हणायला मी आता बसायची न्हाय."

प्रदीप सरांनी थोडा विचार केला. "दिवा लावू," ते तिला दिसेल असे सावकाश म्हणाले. "पण चाचणी पुन्हा द्यावी लागेल."

"देती की."

तिने मायाप्पाकडे मात्र पाहिले नाही. तेवढे धैर्य त्या दिवशी तिच्याजवळ उरले नव्हते.

दिवा बसला. सुकाणूसमोरच, लाल. दुसऱ्या चाचणीत प्रदीप सरांनी न सांगता तो दोनदा पेटवला आणि दोन्ही वेळा केराबाईचा हात चावीवर त्यांच्या आधी पोचला. बोट तिच्या ताब्यात आली.

पहिल्या खेपेला बोट भरली. त्यात मायाप्पाही चढला. इतक्या वर्षांत तो बायकोच्या लाँचवर कधी बसला नव्हता. पाणी मेंढरांना पाजायचे, त्यावर बसायचे नाही, असे त्याचे म्हणणे असे. वारा चांगला होता, शीड भरले होते. माणसे नव्या शांततेवर खूश होऊन हळू आवाजात बोलत होती आणि वाऱ्याकडे तोंड करून समोरचा काठ बघत होती.

मायाप्पा तेवढा उलटा बसला. वाऱ्याकडे पाठ करून, केराबाईच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ.

"केरा," तो एकेक शब्द ओठांत नीट घोळवून म्हणाला, "पलीकडनं जवारी दळून आणायची का?"

"आणा की," ती म्हणाली. तिचा आवाज फार मोठा लागला. सगळी बोट वळून बघू लागली.

मायाप्पाने कुणाकडे पाहिले नाही. काठ येईपर्यंत तो तसाच तिच्याकडे तोंड करून बसून राहिला.