भासऱ्याच्या काचेखाली

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास परसराम करडी गावच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचा. खिडकीतलं ऊन आरशानं काचेखाली घ्यायचं आणि आसपासच्या गावांतल्या खोकणाऱ्यांचा बेडका निवांत निरखायचा, हे त्याचं काम. लोकांना किळस यायची, त्याला नाही. पण स्वतःच्या घरातला खोकला काही केल्या त्याच्या काचेखाली येत नव्हता.

तो खोकला रुखमाचा होता, धाकट्या भावाच्या, ईश्वरच्या बायकोचा. परसराम तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यासमोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, ही त्या घरची कडक रीत. रुखमा लग्न होऊन आली, एका पोराची आई झाली, तरी परसरामानं तिचा चेहरा पाहिला नव्हता. तिच्या हातचा भात मात्र रोज जेवायचा, आणि तसा भात आपल्या कुंताबाईला जमत नाही हे बायकोसमोर चुकूनही बोलायचा नाही. शहाणा माणूस!

रुखमाला संध्याकाळी ताप येऊ लागला, अंग वाळत चाललं, कुडापलीकडून रात्रंदिवस खोकला. परसरामाला टीबीची शंका आली. त्यानं कुंताबाईकडे डबी दिली आणि सकाळी उठल्या उठल्या छातीतला बेडका काढायचा निरोप पाठवला.

डबी आली ती घासून लख्ख केलेली, आत पाण्यासारखी स्वच्छ थुंकी. बाईनं चूळ भरून, तुळशीचं पान चघळून भासऱ्याचा मान राखला होता. परसरामानं कपाळाला हात लावला. तरी काचपट्टीवर थर दिला, लाल रंग ओतून वाफ निघेपर्यंत तापवला, तेजाबानं धुतला, वरून निळा रंग चढवला. टीबीचे जंतू असते तर तेजाबाला न जुमानता लालच राहिले असते. दिसल्या त्या गालाच्या आतल्या मोठ्या, चपट्या, फिक्या निळ्या पेशी. छातीतलं त्यात काहीच नव्हतं.

काही निघालं नाही, असं तो घरी बोलून गेला आणि तिथंच घोळ झाला. पुन्हा तपासावं लागेल, हे पुढचं कुणी ऐकलंच नाही. ईश्वर खूश झाला, आणि रुखमा दुसऱ्याच दिवशी रोवणीला, भाताची रोपं लावायला, चिखलात उतरली. संध्याकाळी तिला दोघींनी धरून घरी आणलं.

दुसरी डबीही तशीच लख्ख आली. शेवटी कुंताबाईनं खरं काय ते सांगितलं. रुखमाचं म्हणणं, ज्याच्यासमोर पदर ढळू द्यायचा नाही, त्याला छातीतली घाण कशी दाखवू? आणि त्यांची काच तर सगळं मोठं करून दाखवते.

परसराम चिडला. रीतीवर, स्वतःवर, बिचाऱ्या काचेवरसुद्धा. मग अंगणात गेला, तिच्या खोलीच्या दाराकडे पाठ करून बसला आणि पहिल्यांदाच तिच्याशी बोलला.

"रुखमा, तू मले थुंकी देऊन राहिली. थुंकीत काही दिसत नाही. मी वळून पाहात नाही. असा दम घे, अन् असा खोक."

आणि दवाखान्यातला हा अब्रूदार माणूस भर अंगणात पोटातून खोकून दाखवू लागला. शेजारचे कुंपणाशी जमले. कुंताबाईला हसू आवरेना. परसरामाचा घसा सोलून निघाला, डोळ्यांत पाणी आलं, तरी गडी थांबेना. बऱ्याच वेळानं मागून खोकला आला, खोल, छाती फोडून येणारा. मग सारवलेल्या जमिनीवरून सरकत डबी त्याच्या मांडीपाशी आली.

दुपारी काचेखाली, निळ्यावर लाल, बारीक, किंचित वाकड्या काड्या दिसल्या. परसरामाला रडू आलं आणि हायसंही वाटलं. दुखणं सापडलं होतं.

डॉक्टरांनी लगेच इंजेक्शनं सुरू केली, गोळ्या मात्र वर्ष-दीड वर्ष घ्याव्या लागणार होत्या. थोडं बरं वाटलं की लोक औषध सोडतात आणि मरतात, हे परसरामानं पाहिलं होतं. म्हणून कुंताबाईला सांगून त्यानं रुखमाला दवाखान्यात बोलावलं, तिचीच काचपट्टी लावली आणि सूक्ष्मदर्शकापुढची आपली जागा तिला दिली. पदर मध्ये येऊ लागला, तसा तिनं मागे सारला. वाळलेला, पोरसवदा चेहरा होता तिचा. परसरामाला फार माया वाटली.

ती बराच वेळ पाहत राहिली.

"हे सारे माह्या छातीत हायेत?"

"हो."

"औसद सोडलं तं?"

"अजून वाढतीन."

रुखमानं मान वर करून सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"मंग नाही सोडत जी. माहं पोरगं अजून मले सोडून झोपत नाही."